आजच्या मापाची छत्री

आक्का माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी ढोपराकडे. विमानातून उड्या मारणारा कुणीही त्यांच्या शेडच्या दारात येऊन उभा राहिला की शिलाई मशीनवरून मान न उचलता, चष्म्याच्या वरून, त्यांची नजर थेट पँटच्या गुडघ्यावर जायची. तिथे गवताचा हिरवा डाग दिसला किंवा कापड विरलेलं दिसलं की झालं. "किती उड्या झाल्या ते माझ्याफुडं मोजू नगंस. ढोपार सांगतंय की समदं." पुण्यामुंबईची मंडळी म्हणून आक्कांकडे जाताना नवी कोरी पँट घालून जात. त्याचाही उपयोग नसायचा. मीही पहिल्या दिवशी नवीच घालून गेले होते. आक्का म्हणाल्या, "नवी घालून आलीयास म्हंजे जुनी फाटलीया. बूट वर कर, तळ बघू दे." ओळखदेख नसताना मी एका पायावर उभी राहून त्यांना बुटाचा तळ दाखवला.

आक्का माधवनगरच्या. वडील तिथल्या गिरणीत होते आणि गिरणीला घरघर लागल्यावर त्यांनी घरामागे शेड बांधून माग टाकले होते. आक्का नर्सिंग करून आखातात गेल्या. तिथे एका सुट्टीच्या दिवशी मैत्रिणींनी पैज लावली म्हणून त्या एका प्रशिक्षकाच्या पोटाला बांधून घेऊन विमानातून खाली आल्या. आमच्याकडच्या बऱ्याच बायकांसारख्या त्याही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायच्या. "खाली आलो तवा मैत्रीण भ्यान रडत हुती, आन मी परत वर जायाच्या लायनीत हुबा हुतो." पुढे त्या तिथेच एकट्याने उडी मारायला शिकल्या, सुट्टीत लोकांच्या छत्र्या घडी घालून द्यायला लागल्या, आणि मग छत्र्या तपासायची नि दुरुस्त करायची रीतसर परीक्षा देऊन दवाखाना सोडला तो सोडलाच. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा परत आल्या. शेडमधले माग निघाले, तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत लांब टेबल आलं, आणि माधवनगरच्या त्या गल्लीत, जिथे पूर्वी मागांचा खडखडाट चालायचा, तिथे पॅराशूटं तपासायला लांबलांबून माणसं यायला लागली. गल्लीतले लोक त्यांना 'छत्रीवाली आक्का' म्हणत. सुरुवातीला काहीजण पावसाळ्याच्या तोंडावर मोडक्या काड्यांच्या छत्र्याही घेऊन आले होते. आक्कांनी त्याही दुरुस्त करून दिल्या.

शेडच्या खिडकीच्या काचेवर एक एक्स-रे चिकटवलेला होता. दुपारचं ऊन आलं की त्यातला डावा घोटा आणि त्यातले स्क्रू लख्ख दिसायचे. कुणी विचारायच्या आत आक्काच सांगायच्या, "ती माझी डिगरी." त्यांनी ऐन उमेदीत, हात पुरता बसायच्या आधी, लहान छत्री घेतली होती. "लय देखणी हुती. लगीनघाईच झाली माझी. जमीन आली तवा दोऱ्या वढायला एवढासाच उशीर झाला," असं म्हणून त्या अंगठा आणि तर्जनी यांच्यातलं अंतर दाखवायच्या. तेव्हापासून त्या डाव्या पायाने जराशा लंगडायच्या. पण सांगताना आवाजात खंत नसायची. खेळाच्या शिक्षिकेने पोरांना मैदानातला खड्डा दाखवावा, तसं त्या ते दाखवायच्या.

खेळाची शिक्षिका म्हणजे मी. पाचगणीच्या एका निवासी शाळेत मी मुलामुलींना खेळ शिकवते. तिथे पठारावरून रंगीत पंख लावून दरीवर तरंगणारी माणसं रोज बघून बघून माझं डोकं फिरलं आणि एका मे महिन्याच्या सुट्टीत मी परदेशी जाऊन विमानातून उडी मारायचं शिकूनच आले. घरी कळलं तेव्हा तात्या, म्हणजे माझे वडील, ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा एक जिवलग दोस्त छत्रीधारी पलटणीत होता, तो कंबर मोडून घरी आला आणि उरलेलं आयुष्य ओसरीवर बसून राहिला. तात्या त्याला रोज संध्याकाळी भेटायला जायचे. त्यामुळे ते एवढंच म्हणाले, "दुसऱ्याच्या छत्र्या भाड्यानं घिऊन उड्या मारायच्या बंद. सोताची घे. आन माझ्या डोळ्यांदेखत आपल्या गावात दोन पायांवर उतरून दाव. पडलीस तर हा नाद सोडायचा. हाय का कबूल?" मी म्हटलं, कबूल. मी काही कुक्कुलं बाळ नव्हते, स्वतःच्या कमाईवर जगत होते, त्यांना विचारायचीही गरज नव्हती. पण शब्द दिला होता, आणि आमच्या घरात दिलेला शब्द मागे घ्यायची सोय नाही. तेव्हापासून माझं सगळं आभाळ त्या एका उतरण्यावर टांगलेलं होतं.

तर मी आक्कांकडे गेले ती हातात सामान घेऊनच. पुण्याचा निनाद नावाचा मित्र त्याची जुनी छत्री विकत होता. केशरी आणि निळी, एकशेवीस चौरस फुटांची, बघताच जीव जडावा अशी. ज्यांनी हा उद्योग केलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: छत्रीचं माप कापडाच्या चौरस फुटांत असतं. माणूस तोच असेल तर कापड जेवढं कमी तेवढी छत्री जलद धावते, चटकन वळते, आणि चूक झाली तर माफ करत नाही. हे मला ठाऊक होतं. पण माझ्याकडे त्यावर बिनतोड युक्तिवाद तयार होता. आज ती थोडी लहान वाटेल, पण हात बसला की माझ्या मापाची होईल; मग दरवेळी नवी कशाला घ्या? आक्कांनी तो शांतपणे ऐकून घेतला.

"शाळंत असताना तुझ्या आईनं गणवेश कसा घेतला हुता?" त्यांनी विचारलं.

"वाढत्या अंगाचा," मी म्हटलं.

"त्योच हिशेब हाय तुझा. गणवेश वाढत्या अंगाचा घेतला तर पोरगी चार दिस गबाळी दिसती, त्यात काय बिघडत न्हाई. छत्री उद्याच्या अंगाची घेतलीस, तर आज कोण उतरणार? तू का उद्याची तू?" मग निनादची छत्री टेबलावर पसरून, एकेक शिवण बोटांनी चाचपून, दोऱ्या सारख्या आहेत का ते ताणून बघून, कापड ओठांना लावून त्यातून फुंकर मारून त्यांनी निकाल दिला. फुंकर आरपार गेली तर कापड म्हातारं झालं असं त्या समजत. इथे गेली नाही. "माल चांगला हाय. तुझा न्हाई," त्या म्हणाल्या आणि छत्री पिशवीत भरून माझ्या हातात परत दिली.

मग त्यांनी मला सूत तोलायच्या जुन्या काट्यावर उभं केलं. बूट, हेल्मेट, पाठीवर पूर्ण सामान, सगळ्यासकट. "नुसतं आंग न्हाई मोजायचं. छत्रीखाली जेवढं लोंबकळतंय तेवढं समदं मोजायचं." काटा बघून त्या मागच्या कपाटातून एक छत्री घेऊन आल्या. एकशेसत्तर चौरस फुटांची. कधीकाळी हळदीच्या रंगाची असावी, आता तो रंग पहिल्या धुण्यातल्या साडीसारखा उतरला होता. माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "तोंड का पाडतीस? कापड अजून घट्ट हाय, दोऱ्या मी सोता बदलल्यात. सरळ उघडती, आन चुकलं तर दम खाऊ देती." मी त्या छत्रीचं नाव तिथल्या तिथे 'गोधडी' ठेवलं. आक्कांना ते आवडलं. "गोधडीच हाय. गोधडीत कुणाचा पाय मोडल्याला ऐकलाय का कवा?"

आता छत्री मिळाली तरी ती पाठीवर बांधायला हार्नेस लागतो, म्हणजे खांद्यावरून आणि मांड्यांभोवती येणारे पट्टे आणि त्यांना शिवलेलं दप्तर, ज्यात दोन छत्र्या बसतात. तो मी नवाच, अंगाच्या मापाने बनवून मागवायचं ठरवलं. मापं कळवायची होती, आणि मी नेमकी गावी होते. आमचं गाव कुंडलच्या पुढे, उसाच्या पट्ट्यात. आईने गल्लीतल्या शिंपीकाकांना टेप घेऊन घरीच बोलावलं. काकांनी जन्मभर झंपर आणि शाळेचे सदरे शिवलेले. त्यांनी प्रत्येक मापाला दोन बोटं वाढवली, आणि ते बघून आईने आणखी दोन वाढवायला लावली. "सैल असू दे. लग्नानंतर आंग भरतंय पोरींचं. एवढ्या म्हागाची वस्तू, टिकाय पायजे." मीही खुळी, तीच मापं धाडली. आमच्या भागात जन्मल्याशिवाय ही चूक कुणाकडून होणार नाही.

हार्नेस येईतो बरेच महिने गेले. आला तेव्हा आक्कांनी मला त्यात बांधलं आणि शेडच्या लोखंडी तुळईला दोरांनी टांगलं. हवेत लटकल्यावर कसं बसतं ते त्या असं बघत. खांद्याचे पट्टे माझ्या कानाला आले, मांड्यांचे पट्टे गुडघ्यांकडे निघाले आणि मधलं सगळं अंग बारदानातल्या कांद्यासारखं खाली सरकलं. आक्का माझ्याभोवती एक फेरी मारून आल्या. "माप कुणी घेतलं?" मी वरूनच सांगितलं, "आईनं." आक्का हसल्या नाहीत. "बोलव तिला," म्हणाल्या.

पुढच्या रविवारी आई माधवनगरला आली ती डब्यात पुरणपोळ्या घेऊन, थोडी भांडायच्या तयारीत. आक्कांनी तिला चहा दिला, तिच्या साडीवरून तोच हार्नेस बांधला आणि म्हणाल्या, "वहिनी, जरा लोंबकळून बगा." आणि खरंच आईला टांगलं. जमिनीपासून वीतभरच, पण आई सरकली तशी तिने दोन्ही हातांनी वरचे पट्टे घट्ट धरले आणि तिचा चेहराच बदलला. खाली उतरल्यावर तिने पदर सारखा केला. मग म्हणाली, "घट्टच पायजे ओ हे. रानात जाताना पाठीला पोर बांधतोय ते काय सैल बांधतोय का आमी?" आक्का म्हणाल्या, "आता बोललासा." त्या दिवसापासून दोघींचं असं गूळपीठ जमलं की मला माझ्याच आईकडे आक्कांच्या तक्रारी करायची सोय राहिली नाही. हार्नेस मात्र आक्कांनी स्वतः उसवला नाही. त्यांच्या हाताला येत नव्हतं असं नव्हे, "ह्या शिलाया कारखान्याच्या. त्यास्नी हात लावायचा मला अधिकार न्हाई," म्हणून तो परत परदेशी गेला. तो हिवाळा माझा त्यातच वाया गेला. तात्यांनी एवढंच विचारलं, "भ्यालीस काय?"

दुसऱ्या छत्रीवरूनही आमचं वाजलं. पहिली उघडली नाही तर वापरायची ती रिझर्व्ह. मला वाटायचं की ती लहान घ्यावी, म्हणजे पाठीवरचं दप्तर सुटसुटीत दिसेल. एरवी वापरायचीच नसते तर आकार कशाला? आक्का म्हणायच्या, "मेन हौसंची, रिझर्व्ह बेशुद्धीची." ती उघडायची वेळ येते तेव्हा डोकं ठिकाणावर नसतं, कदाचित शुद्धही नसते, म्हणून ती अशी घ्यायची की खाली लोंबकळणाऱ्याने काहीच केलं नाही तरी माणूस उठून बसावा. आणि ठरावीक उंचीखाली माणूस तसाच पडत राहिला तर रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र. त्यावर तर त्या चर्चाच करायच्या नाहीत. "ते नसंल तर माझ्या शेडचं दार बी न्हाई."

हिवाळ्यात कऱ्हाडकडच्या एका छोट्या धावपट्टीवर हौशी उडीबाजांचं एक मंडळ विमान आणायचं. दार काढलेलं, चारपाच माणसं दाटीवाटीने बसतील असं. आक्का तिथे घडीच्या खुर्चीवर भडंगाचा डबा मांडीवर घेऊन बसायच्या. शेजारी गवतात एक रिकामं पोतं अंथरलेलं. त्या पोत्याजवळ उतरायचं. विमानातून कोण कसा बाहेर पडला, हवेत कुणी कुणाचे हात धरले, यात त्यांना काडीचा रस नव्हता. छत्र्या उघडल्याचा फडफडाट ऐकू आला की मगच मान वर व्हायची. "वर काय केलंस ते ढगाला म्हाईत. खाली कशी आलीस ते मला सांग." आणि उतरल्या उतरल्या उलटतपासणी सुरू. वारा कुठला होता? वळायचं कधी ठरवलंस? ठरवलंस की आपोआप झालं? "आपोआप झालं" असं कुणी म्हटलं की भडंगाचा डबा बंद व्हायचा.

माझी गोधडी सगळ्यांच्या शेवटी खाली यायची. निनादची मंडळी सणसणत येऊन गवतावरून घसरत थांबायची, चहा घ्यायची, आणि मी अजून वर तरंगतच असायची. "मॅडम, वर धुणं वाळत घातलंय का?" असं निनाद खालून ओरडायचा. मला चीड यायची. मी आक्कांपुढे दर चार दिवसांनी लहान छत्रीचा विषय काढायची. त्या नाही म्हणायच्या नाहीत, काम सांगायच्या. अर्धे ब्रेक, म्हणजे दोन्ही हातांतल्या दोऱ्या, ओढून तिरकं न होता सपाट वळून दाखव. वारा आडवा असताना उतरून दाखव. जमीन जवळ आल्यावर शेवटच्या घडीला थोडंसं वळून पुन्हा सरळ होऊन दाखव. "गोधडीवर समदं आलं की मग फुडची. एक पायरी. दोन न्हाई." मी हट्टाने एकेक शिकत गेले. मध्येच कधीतरी माझ्या लक्षात आलं की मला वर असताना बघायला वेळ मिळतोय. कृष्णेचं वळण, विहिरीवरची मोटर, कुणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या. निनादला मी मिरच्यांबद्दल विचारलं तर त्याला त्या दिसल्याच नव्हत्या. त्या संध्याकाळी मी गोधडीला पहिल्यांदा मायेने घडी घातली.

आक्का जाऊन आता दुसरं वर्ष चालू आहे. त्या कशा गेल्या ते मी लिहिणार नाही. आजारपणात सगळी माणसं एकमेकांसारखी दिसायला लागतात आणि आक्का कुणासारख्याच नव्हत्या. आजही नवा कुणी लहान छत्रीचा विषय काढतो तेव्हा मी त्याला आधी खाली कसा आलास ते विचारते आणि माझ्याच तोंडून त्यांचा आवाज ऐकून दचकते. पण मला त्या बघायच्या असतात त्या आमच्या गावच्या जत्रेत, कुस्त्यांच्या दिवशी.

ते तात्यांनीच ठरवलं. ते जत्रा कमिटीत होते. कुस्तीच्या मैदानाला लागून उसाचं एक मोठं रान नुकतंच तुटून रिकामं झालं होतं. मंडळाने परवानग्यांचे सोपस्कार केले. मंडळाचे प्रमुख, निनाद आणि मी असे तिघेजण उतरणार होतो. गावाला वाटलं, जत्रेची शोभा. तात्यांची अट काय आहे ते आई, आक्का आणि मी एवढ्यांनाच ठाऊक.

आक्का आदल्या दिवशीच आल्या आणि लंगडत लंगडत त्यांनी ते सगळं रान पायांखाली घातलं. एका बाजूला विजेच्या तारा, दुसऱ्या बाजूला न तोडलेला ऊस, तिसरीकडे मैदानाची गर्दी. त्यांनी निनादला बोलावलं. "तुझ्या छत्रीला हे रान पुरायचं न्हाई. तू पलीकडं गायरानावर उतर." निनाद हुशार गडी, त्याने रान एकदा डोळ्यांनी मोजलं आणि मान हलवली. मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "तुला पुरंल." रात्री मी त्यांना विचारलं, मी पडले तर? त्या म्हणाल्या, "पडलीस तर उठशील. गोधडी हाय. तुझ्या तात्यांचं मला ठावं न्हाई."

विमानाच्या दारातून गाव बघितलं. मैदानाभोवती माणसांचं काळं कडं, मधोमध लाल मातीचा ठिपका. उडी मारली, छत्री उघडली, वर बघितलं, फिकट हळदीचा चौकोन पुरा भरलेला. खाली रानात आक्का कळकाच्या काठीला पांढऱ्या कापडाची पट्टी बांधून उभ्या होत्या, वारा कळावा म्हणून. मैदानाच्या बाजूने येऊन तारांच्या अलीकडे मोकळ्या भागात थांबायचं, असं ठरलं होतं. मंडळाचे प्रमुख माझ्या आधी तसेच सुरेख उतरले. आणि ते उतरलेले बघून गर्दीला राहवलं नाही. रानाभोवती बांधलेली दोरी तोडून माणसं रानात घुसली. माझी वाट होती नेमकी तिथे पोरंसोरं धावत होती. त्याच वेळी आक्कांच्या काठीवरची पट्टी गरगरली आणि वाऱ्याने तोंड फिरवलं.

मला भीती वाटली, ती एक क्षण. मग लक्षात आलं की मला वेळ आहे. निनादच्या केशरी छत्रीखाली असते तर एव्हाना जमीन अंगावर आली असती. मी अर्धे ब्रेक ओढले, गोधडी हळू झाली, आणि शंभर वेळा केलेलं ते सपाट वळण मी तिरकं न होता, न घाबरता घेतलं. उभा ऊस आणि बांध यांच्यामधली एक लांबट मोकळी पट्टी मी वरूनच हेरून ठेवली होती. तिच्यावर सरळ झाले. आता वारा तोंडावर होता. ढेकळं दिसली, पाचट दिसलं, मी दोन्ही मुठी खाली ओढल्या, गोधडीने लगाम खेचल्यासारखा दम धरला आणि मला जमिनीवर ठेवलं. मी दोन पावलं चालले आणि उभी राहिले. छत्री माझ्या मागे सावकाश खाली बसली.

मैदानात एकच गलका झाला. हलगी वाजायला लागली. मला रडू येत होतं आणि मी हसतही होते. आई कुठूनशी धावत आली आणि तिने माझे पट्टे सोडायच्या ऐवजी ते घट्ट आहेत ना, तेच चाचपून बघितलं. पुढच्या पाच मिनिटांत मला हाताला धरून लोकांनी लाल मातीच्या कडेला नेलं. कुस्त्यांचं निवेदन करणारे मास्तर माईक घेऊन आले. आमच्या मैदानातला रिवाज असा, की पैलवानाचं नाव पुकारताना त्याचं गाव, बापाचं नाव आणि वस्तादाचं नाव पुकारायचं. वस्तादाशिवाय नाव पुकारत नाहीत. मास्तरांनी माझं गाव सांगितलं, हवालदारांची लेक म्हणून सांगितलं आणि मग माईकवर हात ठेवून मला विचारलं, "वस्ताद कोण तुझा?"

मी बोट दाखवलं. मैदानाच्या दोरीपलीकडे, ओढणी कमरेला खोचलेल्या, हातात अजून ती काठी धरलेल्या आक्का. मास्तर क्षणभर घुटमळले. आमच्या मैदानात वस्ताद म्हणून बाईचं नाव कधी कुणी घेतलेलं नव्हतं. कमिटीतले दोघेतिघे म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. आक्कांनी दुरूनच हात हलवून नको नको केलं आणि त्या माघारी वळल्या.

तेवढ्यात तात्या उठले. विजेत्याला बांधायचे फेटे कमिटीपुढच्या टेबलावर होते, त्यातला एक त्यांनी उचलला. मला वाटलं, माझ्याकडे येतायत. ते माझ्यासमोरून तसेच पुढे गेले, दोरी उचलून आक्कांपुढे जाऊन उभे राहिले आणि भर मैदानादेखत त्यांनी स्वतःच्या हाताने आक्कांच्या डोक्याला फेटा बांधला. आमच्याकडे बाप पोराला तालमीत घालताना हेच करतो. हलगी थांबली होती, त्यामुळे तात्या बोलले ते मला इथवर ऐकू आलं.

"आवं आक्का, आजपासनं ही पोर तुमच्या तालमीतली. आमी आता मधी न्हाई."

आक्कांनी फेटा जरा मागे सारला, तात्यांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "मग उद्या सकाळच्याला शेडवर धाडा तिला. छत्रीत ढेकळं भरल्यात, झाडून घ्याय पायजेत."